हलक्या हाताचं काम

“सर, काहून?”

ही पुस्तिका लिहायला घेतल्यापासून परतवाड्यात मला हा एकच प्रश्न ऐकावा लागला. दूधवाल्यानं विचारला, जुन्या विद्यार्थ्यांनी विचारला, घरात तर रोजच. वापरून फेकायचा रेझर किराणा दुकानात मिळतो. बस स्टँडच्या आसपास हाकेच्या अंतरावर सलूनं आहेत, तिथं दाढीवर डोक्याची मालिश फुकट होते. मग पेन्शनीत निघालेल्या माणसानं उघडा वस्तरा घेऊन स्वतःच्या गळ्याशी खेळ कशाला मांडायचा? प्रश्न रास्त आहे. उत्तर एका वाक्यात मावत नाही, म्हणून ही प्रस्तावना पुस्तिकेच्या मानानं जरा लांबली आहे.

सुरुवात एका डब्यापासून झाली. अचलपुरातल्या आमच्या जुन्या घराचा माळा उतरवताना एक बिस्किटाचा पत्र्याचा डबा निघाला. आत झिजून बोराएवढा राहिलेला तुरटीचा खडा, केस झडलेला ब्रश आणि आजोबांचा वस्तरा. मुठीची एक बाजू फुटलेली, पात्यावर तांबूस ठिपके, पात्याच्या बुडाशी इंग्रजीत ‘शेफील्ड’ एवढंच वाचता येत होतं. मला नवल वस्तऱ्याचं वाटलं नाही, आजोबांचं वाटलं. त्यांनी जन्मात कधी स्वतःची दाढी स्वतः केली नव्हती. दर आठ दिवसांनी म्हाली यायचा, छपरीत पोतं अंथरून आजोबांपुढं उकिडवा बसायचा आणि पितळेच्या वाटीत पाणी मागायचा. मग हा वस्तरा घरात कशासाठी?

उत्तर मिळालं ते परतवाड्यातल्या एका एकखुर्ची दुकानात. तिथल्या कारागिराला मी काका म्हणतो. वयानं ते माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे. पुस्तिकेत नाव घालू का, असं विचारलं तेव्हा ते म्हणाले, “नाव कायले? काम सांगा.” म्हणून या पानांत ते काकाच राहतील. त्यांनी डबा उघडला, वस्तरा अंगठ्याच्या नखावर टेकवून हळूच ओढला, उजेडाकडं धरला आणि म्हणाले, “जंग वरवरचा हाये. पोलाद जित्तं हाये अजून.” आजोबांचं कोडंही त्यांनीच सोडवलं. बऱ्यापैकी घरांत वस्तरा घरचा ठेवायचे, म्हणजे गावभर फिरलेलं पातं आपल्या गालाला लागू नये. म्हाली यायचा, घरचाच वस्तरा काढून द्यायचे आणि काम झालं की पुसून परत डब्यात. म्हणजे वस्तरा आमचा होता, हात मात्र त्याचा. साठ-सत्तर वर्षं ही वस्तू आमच्या मालकीची होती आणि ती कशी धरायची हे घरात एकालाही ठाऊक नव्हतं.

ही पुस्तिका लिहिण्याचं खरं कारण हेच आहे. वस्तऱ्याची विद्या आपल्याकडं भरपूर होती, पण कागदावर उतरली नाही. ज्याला येत होतं त्याला लिहायला शिकवलं नव्हतं आणि ज्याला लिहिता येत होतं त्याची दाढी दुसरा माणूस करत होता. पॅरिसमध्ये झाँ-जाक पेरे नावाच्या एका चाकू-कात्र्या घडवणाऱ्या कारागिरानं १७६९ साली एक ग्रंथच छापला. ग्रंथाच्या नावाचा अर्थ ‘स्वतःची दाढी स्वतः करायला शिकण्याची कला’ असा होतो. त्यात वस्तरा कसा निवडावा, दगड कुठला, चामड्यावर कसा फिरवावा, सगळं आहे. पातं खोल रुतू नये म्हणून लाकडी आडोसा बसवलेला वस्तराही त्यानं बनवला होता. त्या काळात आपल्याकडं पेरेइतकाच जाणकार कारागीर प्रत्येक गावात बसलेला होता. पण तो बलुतेदार. खळं झालं की सालाची ज्वारी न्यायची, लग्नात निमंत्रणं फिरवायची, मालिश करायची, तुंबड्या लावायच्या, बाळाचं जावळ काढायचं आणि घरात कुणी गेलं की मुंडणाला हजर राहायचं. जन्मापासून मरणापर्यंत त्याचा हात लागल्याशिवाय गावाचं पान हलत नव्हतं आणि त्याच हाताला गाव हलकं समजत होतं. ‘हलका हात’ हा न्हाव्याच्या कामातला सगळ्यात मोठा गुण. समाजानं त्यातला ‘हलका’ तेवढा नेमका उचलला.

म्हाली हा शब्द पुण्या-मुंबईच्या वाचकाला कदाचित अनोळखी असेल. आमच्या वऱ्हाडात न्हाव्याला म्हालीच म्हणतात. वारीक, नाभिक, हजाम हेही शब्द आहेत, पण तोंडात बसलेला म्हाली. प्रतापगडावर १६५९ साली ज्यानं सय्यद बंडाचा वार रोखला त्या जिवा महालाच्या नावातला ‘महाला’ आणि आमचा ‘म्हाली’ मला एकाच घरचे वाटतात. वस्तरा हा शब्द फारसीतल्या ‘उस्तुरा’वरून आला, आणि परतवाड्यात अर्ध्या दुकानांत अजूनही उस्तराच म्हणतात. गावच तसं आहे. एलिचपूरच्या, म्हणजे अचलपूरच्या, छावणीभोवती वाढलेलं, बैतूलच्या रस्त्यावरचं. इथं मराठी, हिंदी, उर्दू आणि मेळघाटातून बाजाराला उतरलेली कोरकू एकाच टपरीवर ऐकू येते. त्याचा एक गमतीचा परिणाम सांगतो. मराठीतल्या माकडाच्या हाती कोलीत असतं, हिंदीतल्या माकडाच्या हाती उस्तरा. मी शिकायला लागलो तेव्हा आमच्या मित्रमंडळानं दोन्ही भाषांचा उपयोग केला.

न्हाव्यांच्या बाजूनं लेखणी उचलली ती संत सेना न्हाव्यानं. आरसा, चिमटा, पाणी, नखं काढणं ही आपल्या धंद्याची हत्यारं आणि कामं त्यानं अभंगात परमार्थाला जुंपली. त्याच्या नावाचं एक पद गुरु ग्रंथसाहिबातही आहे. ज्या पंथात केसाला वस्तरा लागत नाही, त्या पंथाच्या ग्रंथात एका न्हाव्याला मानाची जागा मिळाली, याची मला फार मौज वाटते. पण सेनामहाराजांनी हत्यारांचा अर्थ सांगितला, वापर सांगितला नाही. तो त्यांच्या श्रोत्यांना माहीतच होता.

वस्तऱ्याची दुसरी, काळी बाजूही इथंच नोंदवतो. ब्राह्मण घरांत नवरा गेला की बाईचं केशवपन व्हायचं, तेव्हा हाच वस्तरा तिच्या डोक्यावरून फिरायचा आणि तो फिरवणारा माणूस न्हावीच असायचा. मुंबईत १८९० साली सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं न्हाव्यांनी ठरवलं की विधवांच्या केसांना आम्ही वस्तरा लावणार नाही. हा संप मजुरीसाठी नव्हता. आपला हात कशासाठी वापरला जावा, हे त्या हातवाल्यांनी सांगितलं. शाळेत मी इतिहास शिकवायचो, तरी ही गोष्ट माझ्या पाठ्यपुस्तकात नव्हती. ती मला काकांच्या दुकानात नव्हे, पुढं वाचनात सापडली. काकांना सांगितली तेव्हा ते बराच वेळ ब्रश धूत राहिले.

आता शिकण्याकडं वळतो. मला वाटलं होतं, दोन दिवसांत गालाला वस्तरा लागेल. पहिले तीन आठवडे माझ्या गालाला काही लागलं नाही.

पहिला आठवडा पाण्याचा. आपण ‘बिनपाण्यानं केली’ असं म्हणतो तेव्हा समोरच्याची किती दुर्दशा झाली हे सांगायचं असतं, पण त्या वाक्प्रचारात केवढं शास्त्र आहे हे वस्तरा हाती आल्यावर कळतं. कोरडा केस तारेसारखा. गरम पाण्याचा टॉवेल दोन-तीन मिनिटं दाबून धरला की केस पाणी पितो, फुगतो आणि मऊ पडतो. साबणाचा फेस ब्रशनं गोल गोल घोळवत राहिलं की आडवे पडलेले केस उभे राहतात. काकांनी मला आठवडाभर नुसता फेस करायला लावला आणि दाढी माझी मी सेफ्टीनं करायची. फेस वाटीत ढिला झाला की ते वाटी उपडी करून दाखवायचे. सांडला तर परत.

दुसरा आठवडा चामड्याचा. त्यांच्या दुकानात खिडकीच्या गजाला म्हशीच्या कातड्याचा एक पट्टा टांगलेला आहे, वापरून काळा कुळकुळीत झालेला. डाव्या हातानं तो ताणून धरायचा आणि वस्तरा त्यावर सपाट ठेवून पाठ पुढं, धार मागं, असा न्यायचा. टोकाला पोचला की पाठीवर उलटवायचा आणि तसाच परत आणायचा. दाबायचं नाही. पट्टा सैल सोडायचा नाही. असे तीस-चाळीस फेरे, दर दाढीआधी. दगडानं, म्हणजे काकांच्या भाषेत पथरीनं, धार तयार होते. पण दगडावर रोज जायचं नसतं, महिन्या-दोन महिन्यांनी गेलं तरी पुरतं. रोजची धार सरळ ठेवतं ते चामडं. वस्तऱ्याचं सगळं रहस्य त्या उलटवण्यात आहे. पाठीऐवजी धारेवर उलटला की पट्टा कापला गेलाच म्हणून समजा. चौथ्या दिवशी मी तेच केलं. पट्ट्यावर नखासारखी अर्धगोल चीर उमटली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काकांनी चिरेवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, “माह्या बापाचा पट्टा हाये हा. याच्यावर तीन घाव माह्ये बी हायेत. तुमचा चवथा.”

तिसरा आठवडा फुग्यांचा. फुगा फुगवून त्याला फेस लावायचा आणि वस्तऱ्यानं तो फेस उतरवायचा. फुगा फुटला की आपला गाल फुटला असं समजायचं. माझे पहिल्या दिवशी नऊ गाल फुटले. माझ्या नातवाला आजोबांचं शिक्षण इतकं आवडलं की तो रोज शाळेतून थेट दुकानात यायला लागला. फुगा एक गोष्ट शिकवतो, ती म्हणजे कोन. वस्तऱ्याची पाठ कातडीपासून साधारण दोन पाठींच्या जाडीइतकी वर हवी, म्हणजे तीस अंशांच्या आसपास. त्याहून उभा धरला तर खरवडतो, त्याहून आडवा झोपवला तर केस उपटतो. योग्य कोनात आला की आवाज बदलतो. कोरड्या पानावरून बोट फिरावं तसा बारीक सर्र आवाज येतो. काका पेपर वाचत असले तरी त्या आवाजावर मान डोलवायचे.

मग गाल. काकांचं एक वाक्य मी पुस्तिकेच्या पहिल्या प्रकरणावर ठळक छापलं आहे: “दाबू नोका, त्याले त्याच्या वजनानं चालू द्या.” शाळेत छत्तीस वर्षं खडू दाबून लिहिलेल्या हाताला हे जमायला सगळ्यात जास्त वेळ लागला. दुसरा हात रिकामा नसतो. तो कातडी ताणून धरतो, आणि खरं काम तोच करतो. केस ज्या दिशेनं उगवतात त्या दिशेनं पहिला हात, उलट्या दिशेनं जायची घाई निदान दोन महिने करायची नाही. गळ्यावर प्रत्येकाच्या केसांचा भोवरा वेगळा असतो. बोट फिरवून तो आधी शोधावा लागतो. साठी ओलांडेपर्यंत मला माझ्या गळ्यावरचे केस डावीकडं झुकतात हे माहीत नव्हतं.

रक्त आलं का? हा लोकांचा दुसरा प्रश्न. आलं. पण माझी पहिली जखम दाढी करताना झालीच नाही. दाढी झाल्यावर, खुशीत, आरशात बघत वस्तरा मिटताना डाव्या अंगठ्याला झाली. मिटताना पात्याकडं बघायचं, आरशाकडं नाही, ही सूचना पुस्तिकेत तीन ठिकाणी आली आहे. पुनरुक्ती वाटली तरी ती राहू द्यावी, असं मी छपाईवाल्याला सांगून ठेवलं आहे.

धार जाते का, या विषयावर काकांशी माझा वाद झाला होता. केस एवढा मऊ, पोलाद एवढं कठीण, मग केसानं पोलाद कसं झिजेल, असं मी मास्तरकी करत विचारलं. काका म्हणाले, “झिजते. रोज पाह्यतो ना.” २०२० साली अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी सूक्ष्मदर्शकाखाली हेच पाहिलं आणि ‘सायन्स’ या नियतकालिकात छापलं. केस पोलादापेक्षा पन्नासेक पट मऊ असतो, तरी कापताना तो वाकला आणि पोलादाची घडण त्या जागी एकसारखी नसली की धारेचा बारीक टवका उडतो. केस वाकू न देणं हाच त्यावरचा उपाय. कातडी ताणा, पाणी नीट लावा, असं काका जे सांगत होते त्याचा पाया हाच निघाला. वादात मी हरलो आणि मला बरं वाटलं.

हे सगळं मग मेलं कशानं? अर्धं मारलं जिलेटनं. किंग जिलेटच्या कंपनीनं १९०३ साली, विक्रीच्या पहिल्या वर्षी, ५१ रेझर आणि १६८ पाती विकली. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्यानं प्रत्येक शिपायाच्या पिशवीत सेफ्टी रेझर टाकला, आणि युद्ध संपल्यावर लाखो पुरुष स्वतःची दाढी स्वतः करायची सवय घेऊन घरी गेले. आपल्याकडं सेफ्टी आली तरी सलूनमध्ये वस्तरा टिकून होता. तो गेला एड्सच्या आणि काविळीच्या भीतीनं. काकांनी नव्वदीच्या दशकात पूर्ण पात्याचा वस्तरा गिऱ्हाइकाला लावणं बंद केलं. तेव्हापासून ब्लेड मधोमध मोडायचं, अर्धं पट्टीत बसवायचं आणि एका माणसानंतर फेकायचं. हा बदल योग्यच होता, यात मला शंका नाही. पण अर्ध्या ब्लेडला ना पट्टा लागतो ना पथरी. त्यांच्या हाताखाली तयार झालेली पोरं दाढी सुरेख करतात, धार लावायला मात्र त्यांच्यातल्या एकालाही येत नाही. त्यात पोरांचा काय दोष? तिकडं युरोप-अमेरिकेत जुन्या वस्तऱ्यांचे शौकीन त्याच शेफील्डच्या आणि जर्मनीतल्या झोलिंगनच्या पात्यांसाठी चांगले पैसे मोजतात. इकडं ती भंगारात किलोवर जातात.

आमच्या घरचा वस्तरा आता रोज चालतो. फुटलेल्या मुठीच्या जागी सागाची पट्टी आहे. परतवाड्यात सागाच्या तुकड्याला तोटा नाही, आरा मशीनवाल्यानं तो पैसे न घेता दिला आणि वर विचारलं, “सर, काहून?” तुकडा मेळघाटचा असणार. ठिपके पुरते गेले नाहीत. ते जाऊ नयेत असंही मला वाटतं.

पुस्तिका वापरणाऱ्यांसाठी काही गोष्टी, ज्या आत विस्तारानं आहेत, पण इथं सांगितल्याशिवाय मला झोप लागणार नाही. वस्तरा एकाचाच असावा, बापाचा मुलानं आणि भावाचा भावानंही वापरू नये. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील, मधुमेहानं जखमा भरायला वेळ लागत असेल किंवा हात थरथरत असेल, तर पुस्तिका वाचायला हरकत नाही, पण दाढी सेफ्टीनंच करावी. पातं वापरून झाल्यावर कोरडं पुसून त्यावर खोबरेल तेलाचं बोट फिरवावं. आमच्याकडं पावसाळ्यात दोन दिवसांत तांबेरा चढतो. घरात लहान मूल असेल तर डबा कुलपात. आणि तुमच्या माळ्यावर असा एखादा डबा सापडलाच, तर तो घेऊन आधी तुमच्या गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या कारागिराकडं जा. पैसे विचारून द्या, शिकवणीचे द्या. नुसता चहा पाजून विद्या घेऊ नका. ते आपण पुष्कळ वर्षं केलं आहे.

पहिल्या दिवशी फक्त उजवा गाल करा. कानशिलापासून जबड्यापर्यंत, वरून खाली, केसांच्या दिशेनं. बाकीची दाढी सेफ्टीनं उरका. आठ दिवस तेवढंच.